केळीचे पैसे रिटर्नमध्ये दाखवायचे का?

२०२५ च्या जुलैच्या अंकात 'आयकराचं काही अडलं असेल तर लिहा' एवढी एकच ओळ छापली होती. त्यावर संपादकांनी पत्रांचा गठ्ठा आणून दिला, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न वेगळेच. एका वाचकाने तर पासबुक, पॅन आणि आधार अशा तिन्हींचे फोटो पाठवले. कृपया असं कोणालाच पाठवू नका, मलाही नाही. मला प्रश्न पुरतो. नावं छापलेली नाहीत आणि गावंही मोघम ठेवली आहेत, कारण आपल्याकडे 'यावलकडचे मास्तर, केळीवाले' एवढ्यावर माणूस ओळखतात.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, रिटर्न भरायची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, म्हणून सगळे सैलावले आहेत. कानबाई झाली, आता पोळा, मग २७ ऑगस्टला गणपती, ६ सप्टेंबरला विसर्जन. 'गणपती उठले की बसू' म्हणणाऱ्यांच्या हाती आठवडाभर उरेल, आणि त्या आठवड्यात सगळा देश एकाच पोर्टलवर असेल.

उत्तरं देताना मी आयकर खात्याच्याच सूचना समोर ठेवते. प्रत्येक फॉर्मबरोबर खातं सूचनांची पुस्तिका पोर्टलवर फुकट ठेवतं. हा फॉर्म कोणी भरावा आणि कोणी भरू नये, हे तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. जळगावात मी बरीच वर्षं कर सल्लागार म्हणून बसते, पण ते पान वाचून आलेला माणूस क्वचितच भेटतो. इंग्रजी किचकट आहे हे मान्य. घरातलं कॉलेजचं पोर शेजारी बसवा आणि तेवढं एक पान वाचून घ्या.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. यावल तालुक्यात माझ्या नावावर चार एकर वावर आहे, त्यात केळी आहे. आमच्या शाळेतल्या सगळ्यांचं रिटर्न एकच जण भरतो, माणशी तीनशे रुपये घेतो. तो आयटीआर-१ भरतो आणि शेतीच्या रकान्यात पाच हजार टाकतो. विचारलं तर म्हणतो, 'शेतीवर टॅक्सच नाही सर, जास्त दाखवून काय उपयोग?' मागच्या हंगामात व्यापाऱ्याने सगळे पैसे आरटीजीएसने टाकले. खर्च जाऊन चार लाख राहिले. आता एका सहकाऱ्याने घाबरवून ठेवलं आहे. हे पैसे दाखवायचे का? दाखवले तर टॅक्स लागेल का? आणि मागच्या वर्षांचं काय करायचं?

उत्तर : सर, दाखवायचे. आणि टॅक्स वाढेल, तेही आधीच सांगून टाकते.

तुमचा तीनशे रुपयेवाला अर्धं खरं बोलतो. शेतीचं उत्पन्न आयकर कायद्याच्या (१९६१) कलम १०(१) खाली करमुक्त आहे, त्यावर थेट कर बसत नाही. पण ज्याला शेतीशिवाय दुसरं उत्पन्न आहे, त्याच्या त्या दुसऱ्या उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरवताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात. त्याला दोन अटी आहेत. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर हवं, आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर हवं. नव्या करपद्धतीत या वर्षासाठी, म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी, ती मर्यादा ३ लाख आहे. तुम्ही दोन्हीत बसता.

त्याने पाच हजारच का टाकले, तेही आता लक्षात येईल. आयटीआर-१ मध्ये शेतीचं उत्पन्न ५,००० पर्यंतच चालतं. त्याहून जास्त असलेल्यांनी हा फॉर्म भरू नये असं सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे. त्याच्याकडे फॉर्म एकच, म्हणून त्याने तुमची चार एकर केळी त्या रकान्यात मावेल एवढी छाटली. तुमचा दुसरा काही धंदा नसेल तर तुमचा फॉर्म आयटीआर-२.

आता हिशेब. तुम्ही पगार कळवलेला नाही, म्हणून मी वर्षाचे ९,७५,००० धरते. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरले ९ लाख. त्यात केळीचे ४ लाख मिळवा, झाले १३ लाख. २०२४-२५ च्या नव्या दरांनी १३ लाखांवर कर होतो १,००,०००. दुसरीकडे शेतीच्या ४ लाखांत करमुक्त मर्यादेचे ३ लाख मिळवा, म्हणजे ७ लाख. त्यावर कर होतो २०,०००. एक लाखातून वीस हजार वजा केले की ८०,०००, आणि ४ टक्के सेस (करावरचा उपकर) धरून ८३,२००. केळी दाखवली नसती तर नुसत्या ९ लाखांवर सेससह ४१,६०० झाले असते. म्हणजे बरोबर दुप्पट. पोर्टलवर हे गणित आपोआप होतं, पण एकदा हाताने करून बघा. पगार देणाऱ्या कार्यालयाने केळी धरून टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कापलेला नाही, त्यामुळे फरक तुम्हाला स्वतः भरावा लागेल. त्यावर एप्रिलपासून महिन्याला एक टक्क्याच्या हिशेबाने व्याज लागेल, शिवाय अग्रिम कराचे हप्ते चुकल्याचंही थोडं व्याज बसेल. गणपतीनंतर बसू म्हणणाऱ्यांना हा एक महिना महागात पडतो, तो असा.

निव्वळ उत्पन्न म्हणजे विक्रीची सगळी रक्कम नव्हे. टिश्यूची रोपं, खत, ठिबकची दुरुस्ती, मजुरी, घड कापणीची आणि भराईची मजुरी हे सगळं वजा होतं. मात्र त्याचे कागद हवेत. व्यापाऱ्याची पट्टी आपण खिशात घडी करून ठेवतो आणि धुण्यात जाते. ती फाइलला लावा. मजुरीची पावती कोणी देत नाही, तिथे तारीख, माणसं आणि रक्कम लिहिलेली साधी वही चालते. मी स्वतः असे हिशेब तपासताना सातबारा आधी मागते. उत्पन्न कोणाच्या नावावर दाखवायचं ते तिथून कळतं. वावर वडिलांच्या किंवा भावाभावांच्या सामाईक नावावर असेल तर सगळे चार लाख तुमच्या रिटर्नमध्ये येणार नाहीत, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढाच. तुम्ही 'माझ्या नावावर' लिहिलं आहे, तरी एकदा उतारा काढून बघा. 'माझ्या नावावर' म्हणजे 'आमच्या घरात' असं निघाल्याची उदाहरणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पुढे कधी निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर आयटीआर-२ मध्ये आणखी तपशील मागतात : जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड काय, किती एकर, मालकीची की भाडेपट्ट्याची, बागायत की कोरडवाहू. सगळं सातबाऱ्यावर आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. चालू वर्षापासून, म्हणजे १ एप्रिल २०२५ नंतरच्या उत्पन्नासाठी, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ६०,००० पर्यंत रिबेट, म्हणजे करात सूट, आहे. रिबेटसाठी जे एकूण उत्पन्न बघतात, त्यात करमुक्त शेती येत नाही. हेच आकडे पुढच्या वर्षी राहिले तर केळी धरून कर निघतो ५५,०००, आणि तो सगळा रिबेटमध्ये जातो. म्हणजे पुढच्या वर्षी चार लाख दाखवूनही तुमचा कर शून्य येईल. तेव्हाही आयटीआर-२ च भरायचा.

मागच्या वर्षांचंही विचारलं आहे. त्यासाठी अद्ययावत रिटर्न आहे, आयटीआर-यू म्हणतात. निर्धारण वर्ष २०२४-२५ चं, म्हणजे २०२३-२४ मध्ये मिळवलेल्या उत्पन्नाचं, ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलं तर राहिलेला कर, त्यावरचं व्याज आणि या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा. त्याआधीच्या वर्षाचं याच मुदतीत ५० टक्के. जितकं मागे जाल तितका टक्का चढत जातो. मी तुमच्या जागी असते तर निदान मागचं एक वर्ष तरी याच मोसमात सरळ केलं असतं.

प्रश्न : ताई, मी भुसावळला सरकारी नोकरीत आहे. आमच्या कँटीनमध्ये एक 'साहेब' यायचे. फॉर्म-१६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) द्या, रिफंड आला की वीस टक्के द्या, बाकी मी बघतो. मागच्या वर्षी मला ३८ हजार आले. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांना आले. आता मेसेज आलाय की राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची खातरजमा करा. मी आयुष्यात कोणत्या पक्षाला चहासुद्धा पाजलेला नाही. साहेबांचा फोन लागत नाही. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी झडत्या घेतल्या. नेमक्या अशाच साहेबांकडे. न दिलेल्या देणग्या, न भरलेलं घरभाडं, नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवून रिफंड काढून देणं आणि त्यातून टक्केवारी घेणं हा त्यांचा धंदा. खात्यानेच सांगितलं आहे की त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. तुम्ही एकटे नाही, एवढाच त्यातला दिलासा.

पहिलं काम, मेसेजमधल्या लिंकवर बोट लावू नका. खऱ्या मेसेजांच्या गर्दीत खोटेही फिरत असतात. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून पोर्टल उघडा : इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. पासवर्ड साहेबांकडेच असेल, तर 'फरगॉट पासवर्ड' मधून आधारच्या ओटीपीने नवा करा. आत गेलात की आधी प्रोफाइल बघा. मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का? हे लोक रिटर्न भरताना कामापुरता एक ईमेल उघडतात आणि नंतर सोडून देतात. खात्याच्या नोटिसा तिकडे जाऊन पडतात आणि ज्याचं रिटर्न त्याला पत्ता नसतो. ते दोन्ही बदलून स्वतःचं टाका.

मग भरलेलं रिटर्न डाउनलोड करा आणि वजावटींचं पान काढा. ८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला देणगी. तिथे आकडा असेल, तर त्याच पानावर आणखी काय काय आहे तेही बघा, कारण ही मंडळी एकाच वजावटीवर थांबत नाहीत. घरभाडं, आरोग्य विमा, कर्जाचं व्याज, एकेका ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारा : याची पावती माझ्याकडे आहे?

नसेल तर आयटीआर-यू. वर सरांना सांगितलं तेच गणित. समजा सगळेच ३८ हजार खोट्या वजावटींचे निघाले, तर ते परत, त्यावर व्याज, आणि बेरजेवर पंचवीस टक्के. साहेबांना दिलेले साडेसात हजार गेलेच म्हणून समजा. तरी हा रस्ता स्वस्त आहे, कारण उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत, म्हणजे २०० टक्के असू शकतो. आणि त्या वर्षाची रीतसर चौकशी सुरू झाली की आयटीआर-यूचा रस्ता बंद होतो. आज तुमच्या हातात फक्त मेसेज आहे, तेवढ्यात उरकून घ्या.

तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास आहे. पण पडताळणीचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता आणि तो तुम्हीच वाचून दाखवला होता. सेक्शनमधल्या बाकीच्यांनाही हे दाखवा. चिडतील सुरुवातीला.

प्रश्न : ताई, मी शहाद्याची. वय ६८. माझे यजमान मागच्या नोव्हेंबरात गेले. ते पेन्शनर होते, दरवर्षी रिटर्न भरायचे. मुलगा पुण्याला आहे, तो म्हणतो माणूसच नाही तर रिटर्न कसलं. डिसेंबरपासून मला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, चार महिन्यांचे एक लाख वीस हजार आले. माझ्या नावच्या ठेवींचं व्याज दोन लाख दहा हजार झालं, बँकेने २१ हजार कापून घेतले. माझ्या आधारला यांचाच मोबाइल नंबर होता, तो आता बंद आहे. ते कागद पुढे घेतले की मला काही सुचत नाही.

उत्तर : काकू, कागद आज बाजूला ठेवा, आधी नुसतं वाचा.

रिटर्न दोन भरायचे आहेत. १ एप्रिलपासून काका गेले त्या दिवसापर्यंतचं त्यांचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, आणि तुमचं तुमच्या पॅनवर. काकांचं रिटर्न त्यांची वारस म्हणून तुम्ही भरायचं. मुलाला सांगा, त्यांच्या पेन्शनमधून किंवा व्याजातून कर कापला गेला असेल तर तो परत मागायचाही हाच एक मार्ग आहे.

त्यासाठी आधी पोर्टलवर तुमच्या लॉगिनमधून 'रिप्रेझेंटेटिव्ह असेसी' म्हणून नोंदणी करावी लागते. लागणारे कागद तुमच्याकडे बहुतेक आहेतच : मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा. तहसीलचा वारस दाखला काढायला पळू नका. सरकारने दिलेलं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्रही पुरावा म्हणून खात्याच्या यादीत आहे. नोंदणी खात्याने मंजूर करायला काही दिवस जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

तुमचं स्वतःचं रिटर्न सोपं आहे. फॉर्म आयटीआर-१. कुटुंब निवृत्तिवेतन पगारात नाही, 'इतर उत्पन्न' मध्ये लिहायचं. लोक नेमकं इथे अडखळतात. नव्या पद्धतीत त्यातून २५,००० वजा होतात, उरले ९५,०००. व्याजाचे २,१०,००० मिळवले की ३,०५,०००. तीन लाखांच्या वर आहे म्हणून रिटर्न भरायचं, पण सात लाखांच्या आत असल्याने रिबेट मिळून कर शून्य. बँकेने कापलेले २१ हजार पूर्ण परत येतील. ज्या खात्यात हवेत ते खातं पोर्टलवर 'प्रीव्हॅलिडेट' केलेलं, म्हणजे आधीच पडताळून घेतलेलं हवं, आणि बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवं. बँकेत 'बाई' लावलेलं आणि पॅनवर नुसतं नाव, यावरून आपल्या भागातल्या कितीतरी बायकांचे रिफंड अडकतात.

मोबाइलसाठी आधार केंद्रात स्वतः जावं लागेल, बोटांचे ठसे घेतात. मुलगा पुण्याहून हे करू शकणार नाही. बाकीचं सगळं तो तिथून करू शकतो, ओटीपी फक्त फोनवर सांगायचा. पोटच्या मुलाला सांगायला हरकत नाही. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला नाही.

यंदा (२०२५-२६ साठी) बँकेत फॉर्म १५एच देऊन ठेवा, म्हणजे कापाकापीच होणार नाही. काकांचं पॅन मात्र त्यांच्या नावचा रिफंड येऊन सगळं मिटेपर्यंत रद्द करू नका.

प्रश्न : बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं टीव्हीवर सांगितलं. माझा पगार वर्षाला आठ लाख आहे (कंपनी नाशिकची, घर नंदुरबारला). तरी पोर्टल २३,४०० टॅक्स दाखवतंय. पोर्टल चुकलंय का?

उत्तर : पोर्टल बरोबर आहे. बारा लाखांची घोषणा १ फेब्रुवारी २०२५ ला झाली, पण ती १ एप्रिल २०२५ नंतरच्या उत्पन्नासाठी. आत्ता भरताय ते त्याआधीच्या वर्षाचं रिटर्न, ज्यात रिबेटची मर्यादा ७ लाख होती. ८ लाखांतून ७५,००० गेले, उरले ७,२५,०००. सातच्या वर. कर २२,५००, सेस ९००. कंपनीने हा कर कापला असेलच, फॉर्म-१६ आणि २६एएस (पोर्टलवरचा कापलेल्या कराचा उतारा) जुळवून बघा. पुढच्या वर्षी याच पगारावर काही लागणार नाही, पण रिटर्न तेव्हाही भरायचं. कर शून्य होणं आणि रिटर्नमधून सुटका मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : मी गृहिणी आहे, जळगावात राहते. आईने मला २०१० साली तिच्या लग्नातलं पाच तोळे सोनं दिलं होतं. मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी डिसेंबरमध्ये ते मोडलं. सराफाने साडेतीन लाखांचा चेक दिला. आईचं सोनं, त्यावर कसला टॅक्स? मिस्टर म्हणतात विचारून घे.

उत्तर : मिस्टरांचं ऐकलंत ते बरं केलंत. आईकडून मिळालं तेव्हा कर नव्हता, भेट नात्यातली. पण विकताना झालेला फायदा हा भांडवली नफा आहे. जळगावच्या सराफ बाजारात वर्षभर लोक सोनं मोडतात आणि रिटर्नमध्ये ते क्वचितच दिसतं.

नफा काढायचा तर मूळ किंमत हवी, आणि ती आईची धरतात. १ एप्रिल २००१ च्या आधीचं सोनं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. नोंदणीकृत मूल्यांककाकडून तसं पत्र घ्या. समजा त्याने २०,००० काढले. नफा ३,३०,०००. २३ जुलै २०२४ पासून अशा दीर्घकालीन नफ्यावर सरसकट १२.५ टक्के, महागाईचा निर्देशांक लावून किंमत वाढवायची सोय आता सोन्याला नाही. तुम्हाला दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत ३ लाखांची करमुक्त मर्यादा या नफ्याला वापरता येते. मग उरतात ३०,०००, त्यावर ३,७५० आणि सेस, मिळून ३,९००. जुनी पद्धत घेतली तर काय होतं, तेही पोर्टलवर लावून बघा आणि जिथे कमी तिथे थांबा. फॉर्म आयटीआर-२.

जुना हार मोड देऊन नव्या पाटल्या घेतल्या, हातात रुपया आला नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने जुना हार विकलाच. लग्नसराईत हे लक्षात असू द्या.

आणखी काही, थोडक्यात

*साक्रीचे वाचक :* म्हशींचं दूध शेतीच्या उत्पन्नात येतं का? नाही. वैरण स्वतःच्या वावरातली असली तरी दूध हा धंदाच. पैसे बँकेतून येत असतील तर एकूण विक्रीच्या ६ टक्के नफा धरून अंदाजित पद्धतीने दाखवता येतो, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त. त्यासाठी आयटीआर-४ आहे, पण त्यालाही शेतीची तीच ५,००० ची अट आहे. शेती त्याहून जास्त असेल तर आयटीआर-३. आणि तेव्हा मात्र जाणकाराकडे जा, हे मी माझा धंदा म्हणून सांगत नाही.

*पाचोऱ्याचे वाचक :* नुसती शेती, दुसरं काही नाही. रिटर्न भरावंच लागतं का? सहसा नाही. मात्र वर्षात वीजबिल १ लाखाच्या वर गेलं, परदेशवारीवर २ लाखांच्या वर खर्च केला, बचत खात्यांत ५० लाख किंवा जास्त जमा झाले, किंवा तुमच्या नावावर २५,००० चा टीडीएस कापला गेला (साठीच्या पुढे ५०,०००), तर उत्पन्न कितीही असो, भरावं लागतं.

*पारोळ्याचे वाचक :* वडिलोपार्जित शेत विकलं, कर लागेल का? शेत कुठे आहे त्यावर. एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर ग्रामीण शेतजमीन, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पारोळा, चोपडा, रावेर या गटात येतात. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार यांची वस्ती एक लाखाच्या वर, तिथे ६ किलोमीटर. अंतर सरळ हवाई मोजतात, रस्त्याने नाही. सीमेवरचं वावर असेल तर मोजणीचा कागद घेऊन ठेवा.

*अमळनेरचे वाचक :* रिटर्न भरलं, पावती आली, तरी पोर्टल 'पेंडिंग' म्हणतं. ई-व्हेरिफाय, म्हणजे रिटर्न तुम्हीच भरलं याची ऑनलाइन खातरजमा, राहिलं असेल. भरल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, नाहीतर ज्या दिवशी कराल त्या दिवशी भरलं असं धरतात आणि मुदत उलटून गेली असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क लागतं (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००). आधारचा ओटीपी किंवा नेट बँकिंग, दोन्हीने होतं. दोन्ही जमत नसेल तर आयटीआर-व्हीची (रिटर्न भरल्याच्या पावतीची) प्रिंट काढून निळ्या शाईने सही करा आणि स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला पाठवा, पिन ५६०५००. तीस दिवस पाकीट तिथे पोहोचेपर्यंत मोजतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि पाकिटात फॉर्म-१६, पासबुक, पॅनची झेरॉक्स असलं काहीही घालू नका, फक्त ते एक पान. अडलं तर खात्याची फुकट हेल्पलाइन आहे, १८०० १०३ ००२५. सकाळी लवकर लावा.